टेबलावर नसलेला तिसरा माणूस

बिल चुकते करून यजमानांनी कातडी फोल्डर मिटले, परत आलेल्या नोटा आणि नाणी मोजून पाकिटात ठेवली आणि ‘चला, निघू या’ म्हणत ते उठले. आम्ही सारे त्यांच्या आमंत्रणावरून आलो होतो. जेवण मनासारखे झाले होते, गप्पा रंगल्या होत्या, आणि त्या साऱ्या वेळात एक मध्यमवयीन वेटर आमची उठबस करत होता. कोणाचा पेला रिकामा झाला आहे, कोणाला आता आणखी वाढायला नको, कोणाचे बोलणे मध्येच तोडायला नको, हे त्याला न सांगता कळत होते. आम्ही खुर्च्या मागे सारल्या तेव्हा तो चार पावलांवर हातातल्या फडक्याची घडी घालत उभा होता. त्याची नजर बिलाच्या ट्रेकडे नव्हती. ती तिकडे जाऊ नये म्हणून तो जपत होता, एवढे मात्र जाणवत होते. आमच्यातली एक पाहुणी चष्मा शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळली. तिने पर्समधून एक नोट काढली, तिची घडी केली आणि रिकाम्या ट्रेखाली सरकवली. नेमके त्याच क्षणी दारापाशी पोहोचलेल्या यजमानांनी मागे वळून पाहिले.

कोणी काहीच बोलले नाही. जिना उतरताना यजमान गप्प होते, ती पाहुणी गरजेपेक्षा जास्त बोलत होती, आणि माझ्या मनात एक पेच तसाच राहून गेला होता. टीप देण्याची इच्छा मलाही होती. पण यजमानांच्या देखत पैसे ठेवणे म्हणजे त्यांच्या पाहुणचारात चारचौघांसमोर उणे काढणे, आणि न ठेवणे म्हणजे त्या माणसाच्या कष्टांकडे पाठ फिरवणे. यजमानांना कंजूष म्हणता येणार नाही. टेबलावरच्या प्रत्येकाला आग्रह करकरून त्यांनी जेवू घातले होते, आणि अडीअडचणीला धावून जाणारा माणूस म्हणून मी त्यांना ओळखते. जेवणाची जी किंमत छापली आहे ती मी देतो, त्यापलीकडे माझे काही देणे लागत नाही, हे त्यांचे मत पक्के आहे आणि ते त्यांनी कधी लपवलेले नाही. त्या पाहुणीचा हेतूही निर्मळ होता. तरीही एका घडी घातलेल्या नोटेने एकाला ओशाळवाणे केले, दुसरीला कानकोंडे केले, आणि ज्याच्यासाठी ती ठेवली होती त्याला ती उचलण्यासाठी आमची पाठ वळेपर्यंत थांबावे लागले.

ती नोट नेमकी कोणासाठी होती, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही.

माझ्या लहानपणी वडील टीप ठेवत ती बशीखाली. कोणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने, उठता उठता, डाव्या हाताने. मला वाटायचे की ते पैसे विसरून चालले आहेत, आणि मी एकदा मोठ्याने तसे सांगितलेही होते. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढे नेले आणि रस्त्यावर आल्यावर एवढेच म्हणाले, ‘त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नये.’ त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. वडिलांना देण्यात संकोच नव्हता. आपण देणारे आणि तो घेणारा, अशी जी मांडणी त्या क्षणी होते तिचा संकोच होता. काही काळापूर्वी हाच माणूस आपल्याशी बरोबरीने बोलत होता, काय चांगले आहे ते सांगत होता, एखाद्या गोष्टीबद्दल ‘ते आज नको’ असे आपुलकीने सुचवत होता. बिल आले की दोघांचीही भाषा बदलते. तो अधिक वाकतो, आपण अधिक सैलावतो. हा बदल दर वेळी माझ्या अंगावर येतो, आणि मी जितकी जास्त टीप ठेवते तितका तो कमी बोचतो असा माझा अनुभव नाही.

पाहुण्याने यजमानाच्या माणसांना पैसे द्यावेत की नाही, हा पेच तसा फार जुना आहे, हे मला वाचनातून कळले तेव्हा बरे वाटले. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये बड्या घरी मुक्कामाला किंवा जेवायला गेलेल्या पाहुण्याने निघताना तिथल्या नोकरांना पैसे देण्याची रीत होती. ‘वेल्स’ (vails) म्हणत तिला. निघण्याच्या वेळी नोकर दाराशी ओळीने उभे राहत, आणि पाहुण्याला त्या ओळीसमोरून जावे लागे. ज्यांची ऐपत नसे ते आमंत्रणच टाळत, कारण फुकटचे जेवण त्यांना विकतच्या जेवणापेक्षा महाग पडे. घरमालकांनाही ही व्यवस्था सोयीची होती, कारण नोकरांचा काही भार परस्पर पाहुण्यांवर जात असे. १७६०च्या दशकात ही रीत मोडण्याचे प्रयत्न झाले तेव्हा लंडनमध्ये नोकरवर्ग खवळला आणि दंगेही झाले. त्यांचा राग मला समजतो. रीत अपमानास्पद होती हे खरे, पण ती मोडणाऱ्यांनी पगार वाढवून देण्याची हमी दिली नसेल, तर नोकरांच्या दृष्टीने बंद होत होती ती कमाई.

या जुन्या गोष्टीत मला आजच्या टेबलाची सारी रचना दिसते. आपण मानतो की टीप हा जेवणारा आणि वाढणारा या दोघांमधला मामला आहे. प्रत्यक्षात त्यात तिसरा माणूस असतो, आणि तो कधीच टेबलापाशी नसतो. ज्याने त्या वेटरला कामावर ठेवले, त्याचा पगार ठरवला, पाळीचे तास ठरवले, तो मालक या क्षणी तिथे नसतो. आणि त्याच्या अनुपस्थितीमुळेच उरलेले दोघे एकमेकांसमोर अवघडून उभे राहतात. पगाराचा जो भाग मालकाने ठरवायचा तो आपण ठरवतो, तोही मनाच्या त्या क्षणीच्या कलाप्रमाणे, आणि ठरवून झाल्यावर कसलीही जबाबदारी न घेता निघून जातो. तो माणूस आजारी पडला तर आपल्याला कळणार नाही. त्याची पाळी किती लांबली, घरी जायला त्याला वाहन मिळाले की नाही, हे आपण विचारणार नाही. मालकाचा अधिकार काही मिनिटांपुरता आपल्या हाती येतो आणि मालकाचे कर्तव्य मात्र येत नाही, हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते.

अमेरिकेत हे सारे उघड कायद्याच्या भाषेत लिहिलेले आहे. यादवी युद्धानंतर, १८६५च्या पुढच्या काळात, युरोपची वारी करून आलेल्या श्रीमंतांनी टीपेची सवय सोबत आणली असे मानले जाते. पण तिथे ती रुजली त्याचे कारण केवळ श्रीमंतांची हौस नव्हते. नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष मिळेल त्या कामाच्या शोधात होते, आणि त्यांना अल्प पगारावर ठेवून बाकीचे ग्राहकाच्या मर्जीवर सोडणे अनेक मालकांना सोयीचे वाटले. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने रेल्वेच्या शयनयान डब्यांत सेवक म्हणून मुख्यतः असेच पुरुष नेमले. पगार तुटपुंजा, बाकीची भिस्त प्रवाशांच्या टीपेवर. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ अशी हाक मारत, म्हणजे मालकाच्या नावाने; त्यांचे स्वतःचे नाव विचारण्याची गरज बहुतेकांना भासत नसे. रात्रभर जागून बूट चमकवायचे, अंथरुणे घालायची, हसतमुख राहायचे, आणि सकाळी स्थानक आले की हातावर काय पडते त्याची वाट पाहायची. या सेवकांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षांच्या झुंजीनंतर, १९३७ साली, कंपनीला करार करायला लावला. हातावर पडणाऱ्या नाण्यांकडून लेखी पगाराकडे जायला इतका काळ लागला, हे वाचताना मला त्या माणसांविषयी अपार आदर वाटतो.

रेस्टॉरंटमधल्या कामगारांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९६६च्या दुरुस्तीने अमेरिकेच्या किमान वेतन कायद्याच्या कक्षेत हॉटेल-रेस्टॉरंटचे कामगार आले खरे, पण त्याच दुरुस्तीने मालकाला ग्राहकाच्या टीपेचा काही भाग वेतनात धरून घेण्याची मुभा दिली. टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचे केंद्रीय किमान वेतन १९९१पासून ताशी २.१३ डॉलरवर थांबलेले आहे. इतरांसाठीचा आकडा २००९पासून ७.२५ डॉलर आहे. दोहोंमधले अंतर टीपेने भरून निघाले नाही तर मालकाने भरायचे, असे कायदा सांगतो. पण ते मागायचे कोणी, तर ज्याच्या पाळ्या तोच मालक ठरवतो त्या कामगाराने. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही; तिथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावे लागते आणि टीप त्यावर वेगळी मिळते. म्हणजे एकाच देशात, एकाच प्रकारच्या टेबलावर ठेवलेली तीच रक्कम एका ठिकाणी कौतुक असते आणि दुसऱ्या ठिकाणी घरभाडे.

अशा वेळी ‘सेवा चांगली असेल तर देईन, नसेल तर देणार नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही. ते ऐकायला न्याय्य वाटते. टीप म्हणजे चांगल्या सेवेला मिळणारी दाद, आणि दाद मिळते म्हणून सेवा सुधारते, असा त्याचा आशय असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी आयुष्याचा मोठा काळ टीपेच्या अभ्यासात घालवला आहे, आणि त्यांच्यासह अनेकांच्या अभ्यासांतून वारंवार पुढे आलेली गोष्ट अशी, की ग्राहकाला सेवा कशी वाटली आणि त्याने किती टीप ठेवली यांतला संबंध अगदीच क्षीण असतो. याउलट भलत्याच गोष्टींचा प्रभाव पडतो. पैसे परत देताना ग्राहकाच्या तळहाताला किंवा खांद्याला ओझरता स्पर्श झाला तर टीप वाढते, असे १९८४ सालच्या एका प्रयोगात दिसले. १९९६च्या दुसऱ्या एका प्रयोगात बिलामागे हसरा चेहरा काढून दिला, तेव्हा वाढणाऱ्या स्त्रीची टीप वाढली. पुरुषाची वाढली नाही. आणि २००८ साली लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय वेटरांना गोऱ्या वेटरांपेक्षा कमी टीप मिळत असल्याचे आढळले, आणि त्यांना कमी देणाऱ्यांत स्वतः कृष्णवर्णीय ग्राहकही होते. हे वाचल्यापासून ‘दाद’ हा शब्द मी या संदर्भात वापरू शकलेली नाही. ज्या गोष्टीसाठी मालकाने पगार कापला असता तर त्याला न्यायालयात खेचता आले असते, तीच गोष्ट शेकडो ग्राहक थोडी थोडी मिळून करतात, आणि त्यातल्या एकालाही आपण काही केले असे वाटत नाही.

माझी एक मैत्रीण शिक्षण चालू असताना वाढण्याचे काम करत असे. तिच्याकडून ऐकलेले माझ्या मनात खोल रुतून बसले आहे. ती सांगते, की टेबलावर माणसे बसली की काही क्षणांत तिला कळायचे, इथे दाखवण्यासाठी कोण देणार आहे, कोण चोरून देणार आहे आणि कोण देण्याची वेळ आली की फोनवर बोलू लागणार आहे. प्रेमात पडलेली जोडपी पहिल्या भेटीत सढळ असतात. कचेरीतली मंडळी एकत्र आली की प्रत्येकजण वरिष्ठाचा हात पाहतो आणि त्याच्याहून किंचित कमी ठेवतो. नव्या ओळखीच्या माणसांसमोर ठेवलेली रक्कम आणि एकट्याने जेवताना ठेवलेली रक्कम, एकाच माणसाची असूनही, वेगळी असते. म्हणजे माणसे माझ्याकडे बघून देतच नव्हती, ती म्हणाली, ती एकमेकांकडे बघून देत होती. हे तिने कडवटपणे सांगितले नव्हते. पायांचे तळवे रात्री कसे जळायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे नाही असे तिने कसे ठरवले होते, स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून बाहेर येताना चेहऱ्यावर हसू कसे आपोआप चढायचे आणि आत जाताना उतरायचे, हे ज्या सुरात सांगितले त्याच सुरात हेही सांगितले.

तिच्या आणखी एका आठवणीने मला अस्वस्थ केले होते. एका टेबलावरचा माणूस तिच्याशी लघळपणे बोलत होता, जाता-येता तिचे मनगट धरत होता, आणि ती हसून हात सोडवून घेत होती. का सहन केलेस, असे मी विचारले. ते मोठे टेबल होते, एवढेच उत्तर तिने दिले. त्या रात्रीच्या कमाईचा बराचसा भाग तिथून यायचा होता. मालकाने असे वर्तन केले असते तर तिने आरडाओरडा केला असता, काम सोडले असते; पण ग्राहक हा जेव्हा काही काळापुरता मालक होतो तेव्हा त्याला आवर घालणारे नियम सहसा कुठे टांगलेले नसतात. समाजाच्या अपेक्षा म्हणून आपण जेव्हा बोलतो तेव्हा नेहमी देणाऱ्यावरच्या अपेक्षांबद्दल बोलतो. किती ठेवावे, कमी ठेवले तर लोक काय म्हणतील, परदेशात गेल्यावर काय करावे. घेणाऱ्याकडून जी अपेक्षा असते, हसण्याची, लीन होण्याची, उद्धटपणा गिळण्याची, तिचा हिशेब या चर्चेत क्वचितच येतो.

आणि तरीही हीच मैत्रीण टीप बंद करावी या मताची नाही. तिथे आमचे दर वेळी वाद होतात. ती म्हणते, महिनाअखेर मिळणारा पगार खोलीच्या भाड्यात जायचा, पण रात्री हातात पडणारे रोख पैसे तिचे स्वतःचे असायचे; त्यांतून तिने पुस्तके घेतली, आईला पैसे पाठवले. एखादी वृद्ध बाई जाताना तिचा हात हातात घेऊन त्यात नोट ठेवायची आणि ‘अभ्यास कर’ म्हणायची, तेव्हा त्यात तिला कुठलाही अपमान जाणवला नव्हता. मी पुस्तकांतून आलेली माहिती तिच्यासमोर मांडते, आणि ती माझ्यासमोर ती वृद्ध बाई उभी करते. मला तिचे म्हणणे खोडून काढता येत नाही आणि खोडून काढावे असेही वाटत नाही. कृतज्ञतेपोटी कोणी कोणाला काही देऊ नये, असे कोण म्हणेल? फ्रान्समध्ये जेवणाच्या छापील किमतीतच सेवेचे मूल्य धरलेले असते, आणि तरी लोक खुशीने चार नाणी टेबलावर ठेवतात. जपानमध्ये रेस्टॉरंटमध्ये टीप देण्याची पद्धत नाही. विसरले म्हणून पैसे परत करायला माणूस मागे धावत येऊ शकतो. मात्र तिथल्या पारंपरिक निवासगृहांत कधी कधी पाकिटात घालून थोडी रक्कम दिली जाते, आणि ती बहुधा मुक्कामाच्या सुरुवातीला. मला हा तपशील फार आवडतो. आधी दिलेल्या पैशात निकाल नसतो. सेवा कशी झाली हे पाहून मग किंमत ठरवू, असे त्यात कोणी कोणाला सुचवत नाही.

माझा विरोध त्या वृद्ध बाईच्या नोटेला नाही. त्या नोटेच्या भरवशावर पगार कमी ठेवणाऱ्या व्यवस्थेला आहे.

ही व्यवस्था मोडणे सोपे नाही, याचेही पुरावे आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९०९मध्ये टीपेवर कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली. १९२६पर्यंत ते सारे कायदे रद्द झाले होते. अलीकडच्या काळात न्यूयॉर्कमधले रेस्टॉरंट व्यावसायिक डॅनी मायर यांनी २०१५मध्ये जाहीर केले, की आपल्या रेस्टॉरंटांतून टीप टप्प्याटप्प्याने काढून टाकू आणि तिचे मूल्य किमतीतच धरू. टेबलावर सेवा देणाऱ्यांची कमाई टीपेमुळे वाढत जाते आणि आत चुलीपाशी राबणारे मागे राहतात, ही दरी त्यांना बुजवायची होती. त्यांचा मुद्दा रास्त होता. आपल्याला आवडलेली चव ज्याच्या हातची असते तो आचारी, आणि आपण उष्टी टाकलेली ताटे घासणारा माणूस, या दोघांना आपण कधी पाहतही नाही. पण किमती वाढलेल्या दिसल्या की ग्राहक बिचकतो, आणि चांगली टीप मिळवणारे अनुभवी वेटर दुसरीकडे जातात. २०२०मध्ये, महामारीतल्या टाळेबंदीनंतर रेस्टॉरंट पुन्हा उघडताना, मायर यांनी ते धोरण मागे घेतले. मला या घटनेचे वाईट वाटले. शेजारच्या दुकानदाराने तोच माल कमी भावाचा दाखवून बाकीचे मागाहून घ्यायचे ठरवले असेल, तर खरा भाव दरवाजावर लिहिणारा दुकानदार महागडा ठरणारच. एकट्यादुकट्याने नव्हे, सगळ्यांनी एकदम बदलावे लागते, आणि ते कायद्यावाचून होत नाही.

दरम्यान प्रथा उलट्या दिशेला चालली आहे. पैसे भरण्याचे यंत्र आता आपल्यासमोर धरले जाते आणि पडद्यावर टक्केवारीचे तीन-चार चौकोन उमटतात. ‘टीप नाही’ हा पर्याय लहान अक्षरांत, कोपऱ्यात असतो. वाढणारा माणूस तिथेच, हातभर अंतरावर उभा असतो. मागे रांग असली तर तीही पडदा पाहत असते. जी गोष्ट वडील बशीखाली लपवत ती आता उजेडात, क्रमांकांसह, बोटाने दाबून करायची असते. मी मधला चौकोन दाबते. प्रत्येक वेळी मला जाणवते की तो मी विचाराने निवडलेला नाही. मांडणी करणाऱ्याने तो माझ्यासाठी आधीच निवडून ठेवला होता, आणि त्या संकोचाच्या क्षणाचा उपयोग करून घेतला. त्या पडद्यामुळे वाढणाऱ्यालाही बरे वाटत नसावे. अनेकजण यंत्र हातात देऊन मुद्दाम दुसरीकडे पाहतात, आणि त्या पाहण्यात मला ट्रेकडे नजर जाऊ नये म्हणून जपणारा तो वेटर दिसतो.

कायद्याचे काही प्रयत्न मात्र मला आशादायक वाटतात. ब्रिटनमध्ये २०२३ साली झालेला टीपेच्या वाटपासंबंधीचा कायदा १ ऑक्टोबर २०२४पासून अमलात आला. ग्राहकाने दिलेली टीप मालकाने कोणतीही कपात न करता कामगारांना द्यावी आणि तिची वाटणी न्याय्य असावी, असे बंधन त्याने घातले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की बिलात सेवाशुल्क परस्पर जोडता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्या योग्य ठरवल्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक फरक दिसतो. दुसरीने मुख्यतः ग्राहकाच्या खिशाचे रक्षण केले, पहिलीने कामगाराच्या हाताचे. दोन्ही रक्षणे हवीत. पण सेवाशुल्क बंद झाले म्हणून आनंद मानणाऱ्या किती जणांनी विचारले असेल, की ते शुल्क आजवर वाढणाऱ्यापर्यंत पोहोचत होते का, आणि आता त्याच्या पगारात त्याची भर पडणार आहे का?

मी अलीकडे विचारते. टीप ठेवण्याआधी, शक्य तितक्या हळू आवाजात, वाढणाऱ्यालाच विचारते की ही रक्कम तुमच्यापर्यंत येते का. काही जण चटकन ‘हो’ म्हणतात, काही जण ‘सगळ्यांत वाटतो, आतल्या लोकांनाही देतो’ असे अभिमानाने सांगतात, आणि काही जण आधी गल्ल्याकडे पाहतात. गल्ल्याकडे पाहणाऱ्यांना मी यंत्रावर काही देत नाही, रोख देते. मध्यंतरी असाच एक तरुण गप्प राहिला म्हणून मी मॅनेजरना विचारले. ते सौजन्याने म्हणाले, ‘तो आमचा अंतर्गत मामला आहे.’ मी त्यांना म्हटले की अंतर्गत मामला असेल तर तो आत, पगाराच्या वहीत मिटवा. मी आनंदाने जेवणाची वाढीव किंमत देईन. पण जोवर तुम्ही या मुलाच्या नावाने माझ्यापुढे ट्रे ठेवता, तोवर त्या ट्रेमधले पैसे कुठे जातात हे विचारण्याचा मला हक्क आहे, आणि त्याला तर माझ्याहून अधिक आहे. त्यांनी मालकांशी बोलतो असे सांगितले. त्यांनी बोलावे म्हणून मी पुढच्या वेळीही हाच प्रश्न विचारणार आहे, आणि तो विचारताना त्या मुलाची नोकरी धोक्यात येऊ नये म्हणून त्याचे नाव घेणार नाही.